जिप्सीला वाइडबँड लावताना: कुठे, कसा, आणि आकडा कसा वाचायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहता वाईला, गाडी १९९८ ची कार्बोरेटरवाली जिप्सी किंग. पंपावर ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) यायला लागल्यापासून पसरणी घाटात गाडी हुंदके देते, अर्ध्या रेसवर अडखळते. मेकॅनिक म्हणतो जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) मोठे करू. तुम्ही ओळखीच्या एकाकडून वापरलेला वाइडबँडचा संच (धुरातल्या ऑक्सिजनवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा सेन्सर आणि मीटर) घेतलाय आणि विचारताय, की तो बसवायचा कुठे, सायलेन्सरच्या शेपटाला क्लिप लावून भागेल का, वायरी कशा जोडायच्या, आणि मीटरवर १४.७ (एका किलो इंधनाला इतके किलो हवा) आणायचे की १३.५.

आधी उत्तर. शेपटाला नको. १४.७ नको आणि १३.५ पण नको, मीटर लॅम्डावर टाका (हवेच्या हिशोबाचं दुसरं माप, खाली समजावतो). आणि जेटला हात लावायच्या आधी एक रविवार गळती शोधण्यात घालवा. आता कारणं सांगतो. ती कळली की पुढचं तुमचं तुम्हालाच सुचेल.

हा सेन्सर पेट्रोल बघत नाही. तो बघतो धुरात उरलेला ऑक्सिजन. त्यावरून "पेट्रोल कमी पडलं" किंवा "जास्त झालं" हा अंदाज मीटर काढतो. ऑक्सिजन दुसऱ्या कुठल्या वाटेने धुरात शिरला, तरी मीटर पेट्रोलवरच बोट ठेवतो. वाइडबँड लावून फसलेले जेवढे लोक मी पाहिलेत, ते जवळपास सगळे इथेच फसलेत. मीसुद्धा फसलोय, ते खाली येईलच.

जुना साधा ऑक्सिजन सेन्सर, जो बॉशने १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीवर पहिल्यांदा आणला, तो फक्त दोन गोष्टी सांगतो. मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, लीन (पेट्रोल कमी) असेल तर ०.१ च्या आसपास. मधे ०.४५ ला तो एका झटक्यात पलटी मारतो. किती रिच, किती लीन, ते त्याला सांगता येत नाही. इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर सतत कमी-जास्त करत राहतो, त्याला एवढं पुरतं. जेट निवडायला पुरत नाही.

वाइडबँडमध्ये झिर्कोनियाच्या सिरॅमिकचे दोन भाग असतात आणि मधे एक अगदी बारीक पोकळी. या पोकळीत धूर एका चिंचोळ्या वाटेने झिरपतो. एक भाग पोकळीवर नजर ठेवतो, दुसरा भाग पंपाचं काम करतो, म्हणजे करंट देऊन ऑक्सिजन आत-बाहेर करतो. कंट्रोलरला एकच हुकूम असतो: पहिल्या भागावर ४५० मिलिव्होल्ट कायम ठेव. विहिरीतलं पाणी एका खुणेवर ठेवायचं, आणि त्यासाठी मोटर किती चालवावी लागली त्यावरून झऱ्याचा जोर ओळखायचा, तसा हा प्रकार. मिश्रण लीन असेल तर ऑक्सिजन बाहेर उपसावा लागतो, रिच असेल तर आत आणावा लागतो, आणि नेमकं बरोबर असेल तर पंपाचा करंट शून्य. म्हणून लॅम्डा १ च्या जवळ हे मीटर सगळ्यात भरवशाचं, आणि दोन्ही टोकांना भरवसा थोडा कमी.

हे सगळं चालतं ते सिरॅमिक ७५० ते ८०० अंश सेल्सिअसला तापलेलं असताना. त्यासाठी आत हीटर आहे. त्याचे दोन नियम आहेत आणि ते मोडले की सेन्सर गेला. पहिला, इंजिन चालू आणि हीटर बंद असं कधीच नको. थंड टोकावर काजळी बसते आणि ती बारीक वाट बुजते. म्हणजे "सेन्सर लावून ठेवतो, वायरी पुढच्या आठवड्यात जोडतो" हे चालणार नाही. तोवर त्या जागी बूच लावा. दुसरा, थंड पाईपमध्ये पाण्याचे थेंब असतात आणि तापलेल्या सिरॅमिकवर थेंब पडला की तडा. म्हणून किल्ली फिरवून गप्पा मारत बसू नका. किल्ली फिरवली की लगेच गाडी चालू करा.

आता ते १४.७ चं प्रकरण. इथे थोडं थांबतो, कारण ई-२० आल्यापासून याचा फारच गोंधळ आहे.

निव्वळ पेट्रोलचा एक किलो पूर्ण जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला एका किलोला साधारण ९ किलो हवा पुरते. वीस टक्के इथेनॉल मिसळलं की हिशोब १३.५ वर येतो. (दहा टक्क्यांना १४.१.) आपल्याच भागातल्या कारखान्यांची मळी आपल्याच टाकीत येते, त्याबद्दल तक्रार नाही. पण कार्बोरेटरला हे कोणी सांगितलेलं नाही. तो निव्वळ पेट्रोलच्या हिशोबाने जेवढं द्यायचं तेवढंच आजही देतो. १४.७ ला १३.५ ने भागा: १.०९ येतं. म्हणजे पूर्वी जिथे लॅम्डा १ होता तिथे आता १.०९. नऊ टक्के लीन. अर्ध्या रेसवरचं तुमचं अडखळणं बहुतेक हेच. आणि खरी काळजी त्याचीही नाही. पूर्वी फुल रेसला लॅम्डा ०.८८ असेल तर तो आता ०.९६ झालाय. घाटात दुसऱ्या गिअरला, माणसं भरून, इंजिन तापलेलं असताना ०.९६ वर गाडी कुरकुर करणार नाही, उलट बरी ओढल्यासारखी वाटेल, पण आत व्हॉल्व्ह भाजतील. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो, त्यामुळे टकटक ऐकू येऊन सावध व्हायची संधीही कमी.

लॅम्डा म्हणजे काय, तर मिळालेली हवा भागिले लागणारी हवा. इंधन कुठलंही असो, लॅम्डा १ म्हणजे हिशोब बरोबर. सेन्सरला मुळात फक्त लॅम्डाच कळतो. मीटरवर दिसणारं १४.७ हे लॅम्डा गुणिले १४.७, एवढंच, कारखान्यात तो गुणक भरून ठेवलेला असतो. टाकीत ई-२० असो की शुद्ध पेट्रोल, लॅम्डा १ आला की ते मीटर १४.७ च दाखवणार. आता कोणीतरी वाचतो की ई-२० चा आकडा १३.५, आणि मीटरवर १३.५ येईपर्यंत जेट वाढवत जातो. झालं काय? १३.५ भागिले १४.७, म्हणजे ०.९२. आठ टक्के रिच गाडी घेऊन हा माणूस सगळ्यांना सांगत सुटतो की ई-२० ने ॲव्हरेज गेलं! म्हणून मीटरच्या सेटिंगमध्ये जाऊन लॅम्डा निवडा. जुन्या संचात तशी सोय नसेल तर आकडा मनातल्या मनात १४.७ ने भागायची सवय लावा. पुढे मी सगळं लॅम्डातच बोलणार आहे.

वापरलेला संच घेतलाय तर लावण्याआधी तपासा. सेन्सरवर नंबर कोरलेला असतो. बहुतेक संचांत बॉशचा एलएसयू ४.९ असतो, जुन्यांत ४.२. दोन्ही दिसायला सारखे, पण आतली रचना वेगळी आणि कंट्रोलर ज्याचा त्यालाच चालतो. ४.२ च्या कंट्रोलरला ४.९ लावून आकडा येईल, पण खोटा येईल. कप्लर शाबूत आहे ना तेही बघा. सेन्सरपासून पाच वायरी येतात आणि कप्लरला मात्र सहा पिना असतात. त्या कप्लरच्या पोटात एक बारीक रेझिस्टर असतो, जो कारखान्यात त्याच एका सेन्सरसाठी जुळवलेला असतो. कोणी वायर कापून दुसरा कप्लर जोडला असेल तर ते जुळवणं गेलं. असा सेन्सर फुकट मिळाला तरी घेऊ नये. नंतर सेन्सर पाईपबाहेरच, मोकळ्या हवेत टांगून, संच चालू करा. टोकाला हात लावू नका, भाजेल. पाच मिनिटांत मीटर लीनच्या टोकाला जाऊन थांबला पाहिजे. ऑक्सिजनची टक्केवारी दाखवायची सोय असेल तर २०.९. तिथे डगमगत असेल किंवा एररचा कोड येत असेल तर नवा सेन्सर घ्या, आणि ओळखीच्या दुकानातून घ्या. बनावट बॉश बाजारात भरपूर आहेत, खोकंसुद्धा हुबेहूब असतं.

मोकळ्या हवेतलं कॅलिब्रेशन ४.२ च्या बऱ्याच संचांत करावंच लागतं. ते गॅरेजच्या बाहेर करा. आत दुसरी गाडी चालू असताना केलं तर ती हवा मोकळी नाही.

आता जागा. चारही सिलिंडरचा धूर एकत्र झाल्यानंतर, इंजिनपासून साधारण ६० सेंटीमीटर ते एक मीटर. तुमच्या जिप्सीत मॅनिफोल्डखालून उतरणारा पुढचा पाईप जिथे मागे सरळ होतो, तिथे. फार जवळ लावला तर सेन्सर उकडतो: त्याच्या षटकोनी भागाचं तापमान ६०० अंशांच्या वर जाऊन चालत नाही, आणि वायर बाहेर पडते त्या रबराला २५० पेक्षा जास्त सोसत नाही. फार मागे लावला तर मधल्या प्रत्येक जोडातून हवा घुसायची शक्यता वाढते. गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर त्याच्या आधीच लावायचा. (१९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला होता, त्यामुळे तुमची गाडी मूळची मुंबईची असेल तर असू शकतो.) कन्व्हर्टर स्वतःच ऑक्सिजन खातो, त्याच्या मागे लावलेला सेन्सर इंजिनाबद्दल नीट काही सांगत नाही. टर्बो गाडीत टर्बोच्या नंतर लावतात, कारण टर्बोच्या आधीचा दाब आकडा बिघडवतो. तुम्हाला त्याचं काही नाही.

शेपटाला क्लिप का नको, तर तिथे धूर एकसारखा बाहेर जात नाही. धक्क्याधक्क्याने जातो, आणि दोन धक्क्यांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते. स्लोवर (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) तर फारच. शिवाय २५ वर्षांच्या सायलेन्सरला कुठे ना कुठे गंजाचं भोक असतंच.

सेन्सर आडव्या रेषेपेक्षा निदान १० अंश वर बघत असला पाहिजे, म्हणजे टोक खाली, वायर वर. घड्याळाच्या काट्यात सांगायचं तर १० आणि २ च्या मधे कुठेही. पाईपच्या पोटाला लावला तर पाणी त्यात साचणार आणि पहिल्याच थंड सकाळी सेन्सर तडकणार. जिप्सी आहे म्हणजे तुम्ही ओढ्यात घालणार, तेव्हा जेवढा उंच बसेल तेवढा बरा. फक्त वरच्या पत्र्याला वायर टेकणार नाही एवढं बघा.

भोकाला जो जाड नट वेल्ड करतात त्याला बंग म्हणतात. आटे एम-१८, पिच १.५. तयार मिळतो, नाहीतर लेथवर करून घ्या. आमच्या उद्यमनगरात असली कामं उभ्या उभ्या होतात. वेल्डिंग आर्गनने करून घ्या. वेल्डिंग करताना बंगमध्ये जुना मेलेला सेन्सर किंवा बूच घट्ट बसवून ठेवायला सांगा, नाहीतर उष्णतेने आटे लंबगोल होतात आणि नवा सेन्सर अर्ध्यात अडकतो. तुमचा चांगला सेन्सर त्या कामाला देऊ नका. पाईप गाडीवर असतानाच वेल्ड करणार असाल तर बॅटरीची दोन्ही टोकं काढा. टाका पूर्ण गोल पडला पाहिजे, चार ठिकाणी चिकटवून सोडलेला नको. सेन्सर २२ च्या पान्याने ४० ते ६० न्यूटन मीटर. नव्या सेन्सरच्या आट्यांना लावायची पेस्ट कारखान्यातूनच येते. तुमच्या जुन्याला लावायची असेल तर फक्त आट्यांना, टोकाकडे अजिबात नाही. आणि सिलिकॉन कुठेही नको. मॅनिफोल्डच्या पॅकिंगला कोणी सिलिकॉनची ट्यूब लावली असेल तर त्याची वाफ सेन्सरला विषासारखी असते.

वायरिंगमध्ये करंट आणि अर्थ या दोनच गोष्टी महत्त्वाच्या. करंट किल्लीवर येणारा घ्या, पण किल्लीच्या वायरीवर थेट भार नको. बॅटरीवरून संचाच्या कागदावर लिहिलेल्या अँपिअरच्या फ्यूजमधून रिलेला, आणि किल्लीने फक्त रिले चालवायचा. इग्निशन कॉइलच्या वायरीतून करंट घेणारे महाभाग आहेत. त्या वायरीत एवढी गडबड असते की मीटर नाचतो, आणि मग तो नाच कार्बोरेटरचा समजून कार्बोरेटर खोलला जातो. सिगारेट लायटरचं सॉकेटही नको. हीटर सुरुवातीला दोन-तीन अँपिअर ओढतो, ढिल्या सॉकेटवर तेवढ्याने व्होल्टेज पडतं.

अर्थ सगळ्या एकाच जागी, इंजिनच्या ब्लॉकवर, रंग खरवडून, थिंबल दाबून. हे एवढं का सांगतोय ते एका हिशोबाने बघा. एईएम कंपनीच्या मीटरची एक सिग्नल वायर असते, ती लॉगरला (आकडे नोंदवून ठेवणाऱ्या यंत्राला) ०.५ ते ४.५ व्होल्ट देते, आणि एक व्होल्ट म्हणजे २.३७५ चा फरक. मीटरची अर्थ डॅशबोर्डच्या पत्र्याला आणि लॉगरची अर्थ इंजिनला, मधे ०.१ व्होल्टचा फरक पडला, तर आकडा पाव पॉइंटने सरकला. गाडी तीच, पेट्रोल तेच, आणि मीटर एक सांगतो, लॅपटॉप दुसरं! नुसता मीटर बघणार असाल तर ती सिग्नल वायर मोकळी सोडा, फक्त टोकाला टेप लावा.

आता माझी गंमत. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या हातात पहिला वाइडबँड आला. गिऱ्हाइकाची प्रीमियर पद्मिनी होती, स्लोवर मीटर १.१५ दाखवत होता. मी पायलट जेट (स्लोचा जेट) वाढवला. १.१२. आणखी वाढवला. १.१०. संध्याकाळपर्यंत गाडीमागे उभं राहवत नव्हतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मीटर अजून म्हणतोय लीन. प्लग काढले तर काजळ घालावं असे काळे. तरी माझा विश्वास मीटरवरच, नवीन आणि महाग होता ना! शेवटी माझ्याकडे कामाला होता त्या पोराने विचारलं, "मामा, हे फुसफुस कुठनं येतंय?" मॅनिफोल्ड आणि पाईप जुळतात तिथलं पॅकिंग अर्धं जळालं होतं. सेन्सरच्या आधी. प्रत्येक धक्क्यानंतर तिथून हवा आत जात होती, आणि मीटर प्रामाणिकपणे सांगत होता की ऑक्सिजन आहे.

तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे. इंजिन थंड असताना शेपटातून ब्लोअरने हवा भरायची, बाजूने कापड कोंबायचं, आणि सेन्सरच्या आधीच्या प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी शिंपडायचं. बुडबुडे आले की तिथे पॅकिंग बदलायचं. गळतीची आणखी एक खूण आहे: तिचा खोटेपणा स्लोवर सगळ्यात जास्त, आणि रेस वाढवत गेलं की कमी होत जातो, कारण धूर जास्त आणि घुसणारी हवा त्या मानाने थोडी. स्लोवर १.१५ आणि फुल रेसला ०.८९ असं काही दिसलं की जेटकडे नाही, जोडाकडे जायचं. अर्थात कार्बोरेटरच्या खालचं पॅकिंग किंवा व्हॅक्यूमची एखादी नळी गेली असेल तरी स्लोवर लीन येतं, आणि ते लीन खरं असतं. दोन्हींतला फरक कळायला सोपा उपाय म्हणजे पीयूसी. तुमच्या वयाच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. पीयूसीवर ४ टक्के आले आणि तुमचा मीटर १.१ म्हणतोय, तर दोघांपैकी एक खोटं बोलतोय, किंवा एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा वेगळाच चाललाय.

मिसिंगचंही असंच. एका सिलिंडरचा प्लग स्पार्क देत नसेल तर तिथलं पेट्रोल न जळता बाहेर जातं आणि तिथली हवाही न वापरता बाहेर जाते. सेन्सरला हवा दिसते, म्हणून म्हणतो लीन. पेट्रोलचा वास येतोय आणि मीटर लीन, असं झालं की प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटरची टोपी आधी. आरएक्स-१०० वाले मला हा सेन्सर लावून मागतात, त्यांना मी नाहीच म्हणतो. टू-स्ट्रोकमध्ये ताजी हवा थेट धुरात जाते, वर ऑइल. आकडा खोटा आणि सेन्सर दोन महिन्यांचा सोबती.

गळती नाही, मिसिंग नाही, ठिणगीचं टायमिंग जागेवर: आता गाडी रस्त्यावर काढा. मीटर बघायला शेजारी माणूस बसवा, स्वतः बघू नका, घाट आहे. वाई ते पसरणीच्या पायथ्यापर्यंतच्या सपाटीवर चौथ्या गिअरला ६० च्या वेगाने एकसारखी रेस ठेवा आणि आकडा लिहा. नंतर घाटात तिसऱ्याला, पाय अर्धा दाबून. नंतर काही सेकंद पूर्ण दाबून. तीनच आकडे. कार्बोरेटरच्या गाडीत आकडा थोडा हलतोच, मधला धरा.

सपाटीवर एकसारख्या रेसला १.०० ते १.०५ चांगलं. घाटात अर्ध्या रेसला ०.९० ते ०.९५. पूर्ण रेसला ०.८६ ते ०.९०. स्लोवर तुमच्या इंजिनला ०.९५ च्या आसपास ठेवा. जुनी इंजिनं एकदम १ वर थरथरतात. रेस पटकन दाबल्यावर क्षणभर १.२ ला जाऊन परत आला तर हरकत नाही, पण अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त तिथे रेंगाळला आणि त्याच वेळी गाडी हुंदका देत असेल तर दोष मेन जेटचा नाही, ॲक्सिलरेटर पंपाचा (रेस दाबताच जादा पेट्रोल मारणारा छोटा पंप) आहे. ई-२० ने त्या पंपाचं जुनं रबर ताठ झालेलं मी बऱ्याच गाड्यांत पाहिलंय. पायलट आणि मेन जेट बदलून हुंदका जात नाही म्हणून वैतागलेले लोक बहुधा हेच विसरतात. पाय सोडून उतारावर येताना मीटर लीनच्या टोकाला गेला तर घाबरू नका, तिथे नीट काही जळतच नाही.

समजा सपाटीवर १.०९ आला आणि तुम्हाला १.०२ हवाय. म्हणजे पेट्रोल सात टक्के वाढवायचं. जेटवरचा नंबर भोकाचा व्यास असेल, शंभर म्हणजे एक मिलिमीटर असा, तर पेट्रोल व्यासाच्या नाही, क्षेत्रफळाच्या हिशोबाने जातं. सात टक्के क्षेत्रफळासाठी व्यास साडेतीन टक्केच वाढतो. १०० च्या जागी १०३ किंवा १०४. लोक सरळ ११० घालतात, आणि तो २१ टक्के वाढवून बसतो. मात्र काही जेटवरचा नंबर व्यासाचा नसून प्रवाहाचा असतो, तिथे सात टक्क्यांना १०७ च. कुठला आहे ते जेट विकत घेताना विचारा. भोक पिनने किंवा रीमरने मोठं करून देणारे भेटतील. नको. एकदा मोठं झालेलं भोक लहान होत नाही, आणि नंतर काय होतं ते आठवतही नाही.

तुमच्या कार्बोरेटरला दोन नळ्या आहेत. दुसरी फक्त जोरात दाबल्यावर उघडते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी पहिल्या नळीचा मेन जेट सपाटीच्या आकड्यावर, मग स्लो, मग शेवटी दुसऱ्या नळीचा जेट पूर्ण रेसच्या आकड्यावर. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक वेळी तोच रस्ता, तोच गिअर.

वाईच्या माणसाला एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कार्बोरेटरला उंची कळत नाही. हवा विरळ झाली की तो त्या मानाने पेट्रोल जास्त देतो, आणि हा फरक हवेच्या घनतेच्या वर्गमुळाने पडतो. वाईपासून महाबळेश्वरला पोचेपर्यंत साधारण तीन टक्के रिच. तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलात की सहा-साडेसहा टक्के लीन. महाबळेश्वरला बसून मस्त ०.८९ जुळवला, तर तोच पोलादपूरला ०.९५ होतो, आणि परत चढताना पहिला अर्धा घाट तुम्ही नेमक्या त्याच आकड्यावर पूर्ण रेस देत असता. म्हणून जुळवणी नेहमी तुमच्या फिरण्यातल्या सगळ्यात खालच्या जागी करायची. वर थोडी रिच झाली तर प्लग काळे होतील, पिस्टन नाही वितळणार. कोकणात वारंवार जात असाल तर पूर्ण रेसचा आकडा पोलादपूरच्या बाजूला घ्या आणि ०.८७ वर सोडा.

वाचणाऱ्यांपैकी कोणाची इंजेक्शनची गाडी असेल तर बंग मारायच्या आधी ओबीडीचा स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे वाचायचं यंत्र) लावून बघा. नव्या बऱ्याच गाड्यांत पहिला सेन्सर कारखान्यातूनच वाइडबँड असतो आणि त्याचा लॅम्डा स्कॅनरवर दिसतो. साधा सेन्सर असला तरी फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा) दिसतो. एकसारख्या रेसला तिथे बाहेरून लावलेला वाइडबँड नेहमी १.०० च दाखवणार, कारण कॉम्प्युटर स्वतः भरून काढतो. खरी बातमी ट्रिममध्ये असते. ई-१० ला जुळवलेल्या गाडीत ई-२० भरलं की लाँग टर्म ट्रिम चार-पाच टक्क्यांनी वर गेलेला दिसेल, आणि ते ठीकच आहे. मूळ सेन्सर काढून त्या जागी वाइडबँड लावू नका, वेगळा बंग करा.

जुळवणी झाली की सेन्सर काढून ठेवलात तरी चालेल, मी तर काढूनच ठेवायला सांगतो. जुनं इंजिन थोडं ऑइल जाळतं आणि सेन्सर हळूहळू आळशी होतो. काढताना इंजिन कोमट असू द्या, गार झाल्यावर आटे धरतात. जागी एम-१८ चं बूच, खाली तांब्याचा वॉशर, आणि सेन्सर त्याच्या टोपीसकट डब्यात. वर्षभराने ॲव्हरेज बदललं, किंवा पंपावर इथेनॉलचं प्रमाण पुन्हा बदललं, की परत लावा, आधी मोकळ्या हवेत तपासा, आणि तेच तीन आकडे त्याच रस्त्यावर घ्या. वहीत तारीख, जेटचे नंबर आणि पंपाचं गाव लिहून ठेवायला विसरू नका.